मुलाच्या अभ्यासासाठी टॅबलेट की लॅपटॉप: कामाच्या यादीपासून पहिल्या आठवड्याच्या तपासणीपर्यंत

जून जवळ आला की दुकानांवर विद्यार्थ्यांसाठीच्या सवलतीचे फलक लागतात. मग सातवीतल्या मुलासाठी गेमिंग लॅपटॉप आणि अकरावीतल्या मुलीसाठी आठ इंची टॅबलेट अशा उलट्यासुलट्या खरेद्या होतात. दुकानदार पहिलाच प्रश्न ‘बजेट किती?’ असा विचारतो आणि गाडी तिथेच चुकीच्या वाटेला लागते. पैशाच्या आधी काम ठरवायला हवं.

त्यासाठी वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप उघडा आणि गेल्या दोन-तीन महिन्यांचे निरोप मागे जाऊन वाचा. शाळेने खरोखर काय काय मागितलं ते कागदावर दोन रकान्यांत लिहा. पहिल्या रकान्यात मुलाने नुसतं बघायचं, वाचायचं, ऐकायचं ते: ई-बालभारतीवरून मोफत उतरवलेलं पुस्तकाचं पीडीएफ, पाठ्यपुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन करून दीक्षा ॲपवर उघडणारा व्हिडिओ, ऑनलाइन तास. दुसऱ्या रकान्यात मुलाने करून द्यायचं ते: मराठीत टाइप केलेला प्रकल्प, स्लाइड, एक्सेलचा तक्ता, स्क्रॅच या ठोकळे जोडून कोडिंग शिकवणाऱ्या साधनातला खेळ, पायथनचा प्रोग्रॅम. वहीच्या पानांचे फोटो काढून पीडीएफ पाठवणं हे काम दोन्हीच्या मधलं. ते फोन किंवा टॅबलेटवर दोन मिनिटांत होतं. लॅपटॉपच्या वेबकॅमसमोर वही धरून बघा, अक्षर लागत नाही.

पहिला रकाना भरलेला आणि दुसरा जवळपास रिकामा असेल तर टॅबलेट घ्या. दुसऱ्या रकान्यात आठवड्याला दोन-तीन कामं येत असतील तर लॅपटॉप. घोळ होतो तो ‘आत्ता टॅबलेट घेऊ, पुढे कीबोर्ड जोडू’ म्हणण्यात. बरा कीबोर्ड, पेन आणि कव्हर यांचा खर्च टॅबलेटच्या किमतीत मिळवून बघा, बेरीज साध्या लॅपटॉपच्या जवळ जाते. आणि एवढं करून दोन फाइल शेजारी शेजारी उघडून काम करणं अवघडच राहतं.

इयत्तेनुसार काय लागतं

चौथीपर्यंत मुलाच्या मालकीचं वेगळं यंत्र नको. इंडियन ॲकॅडमी ऑफ पीडिॲट्रिक्सच्या मार्गदर्शक सूचनांनुसार दोन ते पाच वर्षांच्या मुलांनी दिवसाला जास्तीत जास्त एक तास आणि पाच ते दहा वर्षांच्या मुलांनी दोन तासांपेक्षा कमी वेळ पडद्यासमोर असावं. एवढ्यासाठी घरातला फोन टीव्हीला जोडला तरी भागतं, आणि टीव्हीवर बघताना डोळ्यांपासूनचं अंतरही आपोआप राखलं जातं.

पाचवी ते सातवीला दहा-अकरा इंची टॅबलेट पुरतो. स्क्रॅच ब्राउझरमध्ये चालतं, त्यामुळे प्राथमिक कोडिंगसुद्धा टॅबलेटवर होतं, फक्त लहान पडद्यावर ठोकळे ओढताना बोटाखाली झाकले जातात.

आठवी ते दहावी हा कुंपणावरचा टप्पा. इथे मंडळ बघा. सीबीएसईच्या नववी-दहावीत ‘माहिती तंत्रज्ञान’, म्हणजे ४०२ क्रमांकाचा विषय घेतला असेल तर लिबरऑफिसचं रायटर, कॅल्क, बेस शिकावं लागतं, ते टॅबलेटवर धड होत नाही. राज्य मंडळाच्या शाळेत असा विषय नसेल आणि प्रकल्प हातानेच लिहायचे असतील तर घरातल्या टॅबलेटवर दहावी निघते. वाचलेल्या पैशांत अकरावीला चांगला लॅपटॉप येईल.

अकरावी-बारावीत प्रश्न बहुधा सुटलेलाच असतो. राज्य मंडळाच्या ‘माहिती तंत्रज्ञान’ विषयात एचटीएमएल, जावास्क्रिप्ट, पीएचपी या संकेतस्थळ बनवण्याच्या भाषा आहेत, आणि पीएचपी चालवायला यंत्रावर स्थानिक सर्व्हर, म्हणजे संकेतस्थळ आपल्याच यंत्रावर चालवून दाखवणारी प्रणाली, बसवावी लागते. सीबीएसईच्या संगणकशास्त्रात पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा आणि मायएसक्यूएल ही माहितीसाठ्याची प्रणाली आहे. शिवाय जेईई मेन आणि एमएचटी-सीईटी या परीक्षा संगणकावर होतात. तिथे माउसने पर्याय निवडायचा, आकडी उत्तर पडद्यावरच्या आकड्यांवर क्लिक करून भरायचं. सराव वर्षभर बोटाने टॅबलेटवर केला आणि परीक्षेत पहिल्यांदा माउस हातात आला, तर वेळ जातो. लॅपटॉप घेतला तरी या मुलांना तीनशे-चारशे रुपयांचा वायरचा माउस वेगळा घेऊन द्या.

आणखी एक, खरेदीच्या आधी घरातलं कपाट उघडा. पाच-सात वर्षांपूर्वीचा, ‘फार हळू चालतो’ म्हणून बाजूला ठेवलेला लॅपटॉप बऱ्याचदा फिरत्या तबकडीच्या जुन्या हार्ड डिस्कमुळे हळू झालेला असतो. तिथे २५६ जीबीची एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान साठवण, बसवली आणि रॅम, म्हणजे चालू कामाची तात्पुरती मेमरी, ८ जीबी केली की तो पुन्हा शाळेच्या कामाला लागतो. विंडोज ११ त्यावर चढत नसेल तर विंडोजच्या जागी गूगलची मोफत क्रोमओएस फ्लेक्स किंवा लिनक्स मिंट ही प्रणाली टाकता येते. फ्लेक्सवर प्ले स्टोअरची ॲप चालत नाहीत, दीक्षा, क्लासरूम वगैरे सगळं ब्राउझरमध्ये उघडावं लागतं, हे लक्षात ठेवा.

टॅबलेट: आधी पडदा, मग बाकीचं

टॅबलेटवर सर्वात जास्त वेळ पुस्तकाचं पीडीएफ वाचण्यात जातो, म्हणून एक हिशेब करून टाकू. ए-४ आकाराचं पान २१ सेंटिमीटर रुंद असतं. १६ः१० प्रमाणाचा ११ इंची टॅबलेट उभा धरला तर पडद्याची रुंदी सुमारे १४.८ सेंटिमीटर भरते, म्हणजे पान मूळ आकाराच्या ७० टक्के दिसतं. त्यात बारीक टीपा वाचता येतात. ८.७ इंची टॅबलेटवर ही रुंदी सुमारे ११.४ सेंटिमीटर, पान जेमतेम ५४ टक्के. नकाशातली गावांची नावं, गणितातले घातांक दिसायला सतत चिमटीने मोठं करावं लागतं आणि मुलं तो कंटाळा करून पान सोडून देतात. १०.९ इंची आयपॅडचा पडदा थोडा चौकोनी असल्याने इंच कमी असूनही पान ७५ टक्के दिसतं. थोडक्यात, अभ्यासासाठी दहा इंचांखाली उतरू नका, मग सवलत कितीही असो. रिझोल्यूशन १९२० बाय १२०० किंवा वर हवं. १२८० बाय ८०० च्या मोठ्या पडद्यावर जोडाक्षरांच्या कडा फुटलेल्या दिसतात.

रॅमच्या बाबतीत जाहिराती फसव्या असतात. ‘८ जीबी + ८ जीबी’ किंवा ठळक अक्षरांत ‘१६ जीबी’ असं लिहिलेलं असतं, त्यातली अर्धी रॅम आभासी असते, म्हणजे साठवणीचा एक तुकडा रॅमसारखा वापरलेला. तो खऱ्या रॅमच्या कितीतरी पट हळू. खोक्याच्या मागे बारीक अक्षरांत खरा आकडा असतो, तो ६ जीबी तरी असावा, ८ असला तर उत्तम. ४ जीबीवर ऑनलाइन तास चालू ठेवून पीडीएफ उघडलं की मागचं ॲप बंद पडतं आणि मूल वर्गातून बाहेर फेकलं जातं. शिक्षक म्हणतात नेट गेलं, नेटचा त्यात काही दोष नसतो. साठवण १२८ जीबी घ्या.

अनोळखी ब्रँडचा ‘स्टुडंट टॅब’ स्वस्तात मिळत असेल तर दुकानातच तीन गोष्टी उघडा. प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये ‘अबाउट’खाली यंत्र प्रमाणित असल्याचा उल्लेख आहे का? नसेल तर काही ॲप उद्या चालणार नाहीत. दुसरं, सेटिंगमध्ये सुरक्षा अपडेटची तारीख पाहा. नवीन म्हणून विकलेल्या यंत्रावर ती वर्षभर जुनी असेल तर पुढे अपडेट येण्याची आशा सोडा. तिसरं, खोक्यावर किंवा यंत्रावर ‘आर’ अक्षरापुढे आकडे असलेला भारतीय मानक ब्यूरोचा नोंदणी क्रमांक हवा. भारतात विकल्या जाणाऱ्या टॅबलेट आणि लॅपटॉपना ही नोंदणी सक्तीची आहे. ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये तो क्रमांक टाकून खरा आहे की नाही हे पाहता येतं.

सिम कार्डाचा टॅबलेट घ्यायचा की फक्त वायफायचा? घरी ब्रॉडबँड असेल तर वायफायचा, पैसे वाचतात. पण नेट फक्त आई-बाबांच्या फोनच्या हॉटस्पॉटवर असेल तर स्वतःला विचारा, दुपारी तास सुरू होतो तेव्हा तो फोन कुठे असतो? कामावर गेलेला असेल, तर सिमचाच घ्या.

पेनबाबत भाबडेपणा नको. शंभर रुपयांचं रबरी टोकाचं पेन म्हणजे बोटाचाच भाऊ. त्याने गणित सोडवता येत नाही, कारण तळहात पडद्याला टेकला की रेघा उमटतात. लिहायचंच असेल तर त्याच मॉडेलसाठी बनलेलं ॲक्टिव्ह पेन लागतं, आणि प्रत्येक टॅबलेट ते घेत नाही. सॅमसंगच्या टॅब एस६ लाइटसारख्या मॉडेलबरोबर पेन खोक्यातच येतं, आयपॅडला वेगळं विकत घ्यावं लागतं. आयपॅडचं बलस्थान वेगळं आहे, त्याला अपडेट बरीच वर्षं मिळतात. घेतलात तर साठवण बघून घ्या. दहाव्या पिढीचा जुना साधा आयपॅड ६४ जीबीपासून सुरू व्हायचा, २०२५ मध्ये आलेला ए१६ चिपचा १२८ जीबीपासून.

लॅपटॉप: मॉडेल क्रमांक वाचायला शिका

फलकावर प्रोसेसरचं, म्हणजे यंत्राच्या मेंदूचं, नाव ‘कोअर आय ३’, ‘रायझन ५’ एवढंच लिहितात. त्याने काहीच कळत नाही. पुढचा पूर्ण क्रमांक मागून घ्या, खरी गोष्ट त्यात दडलेली असते.

रायझन ५ ७५२०यू आणि रायझन ५ ७५३०यू हे घ्या. दोन्ही ‘रायझन ५, ७००० मालिका’ म्हणून शेजारी शेजारी मांडलेले असतात, आकड्यात फरक दहाचा. पण ७५२०यू मध्ये चार कोअर, म्हणजे एकाच वेळी काम करणारे चार भाग, आहेत आणि त्यांची रचना जुनी झेन २. त्याला चालणारी रॅम मदरबोर्डवर डकवलेलीच असते, म्हणजे ८ जीबीचा घेतला तर तो आयुष्यभर ८ जीबीच. ७५३०यू मध्ये सहा कोअर, रचना झेन ३, आणि बऱ्याच मॉडेलमध्ये रॅम वाढवायला जागा. या मालिकेत तिसरा आकडा रचनेची पिढी सांगतो, २ म्हणजे झेन २, ३ म्हणजे झेन ३. हा एक आकडा पाहिला तरी पुष्कळ फसगत टळते.

इंटेलमध्ये सेलेरॉन एन४०२०, एन४५०० यांच्यापासून दूर राहा. दोनच कोअर असल्यामुळे ब्राउझरमध्ये चार-पाच टॅब उघडल्या की यंत्र धापा टाकतं. एन१०० हा त्याच स्वस्त रांगेतला, पण चार कोअरचा आणि बराच बरा. नववीपर्यंतच्या टायपिंग-स्लाइडला चालतो. आय३-१२१५यू, आय३-१३१५यू किंवा नव्या नावातला ‘कोअर ३ १००यू’ शाळेचं सगळं काम बारावीपर्यंत निभावतो. आय५ मिळाला तर वाईट नाही, पण आय३ ऐवजी आय५ घेण्यासाठी रॅम १६ वरून ८ वर आणत असाल तर सौदा उलटा झाला.

कारण रॅम. विंडोज ११ ची किमान अट ४ जीबी असली तरी यंत्र सुरू होऊन नुसतं बसलं असतानाच सुमारे ३ जीबी खर्च झालेली असते. आज ८ जीबी हा तळ समजा, पाच-सहा वर्षं वापरायचा असेल तर १६. दुकानात चालू यंत्रावर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा, ‘परफॉर्मन्स’मध्ये ‘मेमरी’ निवडा. ‘स्लॉट्स यूज्ड’समोर दोनपैकी एक असं दिसलं तर पुढे वाढवता येईल. ‘फॉर्म फॅक्टर’समोर ‘रो ऑफ चिप्स’ आलं तर रॅम डकवलेली आहे, मग आत्ताच पुरेशी घ्या. २०२५ च्या अखेरीपासून मेमरी चिपचे भाव चढले आहेत, तेव्हा ‘पुढच्या वर्षी स्वस्तात टाकू’ हा हिशेबही जरा जपूनच.

साठवणीसाठी एनव्हीएमई या वेगवान प्रकारची एसएसडी, २५६ जीबी चालेल, ५१२ बरी. ‘ईएमएमसी’ लिहिलेलं दिसलं तर पुढच्या यंत्राकडे वळा. ती हळू तर असतेच, शिवाय बोर्डावर डकवलेली. बंद पडली तर बोर्डच बदलावा लागतो. ६४ जीबीची असेल तर विंडोजचं मोठं अपडेट उतरवायलाच जागा उरत नाही, आणि यंत्र ‘जागा नाही’ म्हणत अडून बसतं.

पडदा १४ इंच, फुल एचडी, आयपीएस (बाजूनेही रंग नीट दिसणारा) आणि चकचकीत नसलेला घ्या. ओळखायचं कसं? पांढरं पान उघडून यंत्राच्या बाजूला उभे राहा. रंग उलटे किंवा काळपट झाले तर तो जुन्या धाटणीचा टीएन पडदा. १५.६ इंची यंत्र टेबलावर छान, पण रोज दप्तरात नेणाऱ्या मुलीच्या पाठीला तेवढंच जड.

बिजागरी ही स्वस्त लॅपटॉपची सर्वात मोठी दुखरी जागा. आत ती प्लास्टिकच्या खुंट्यांमध्ये बसवलेल्या पितळी नळ्यांना स्क्रूने धरलेली असते. मूल रोज एका कोपऱ्याला धरून पडदा उघडतं, एकाच बाजूला पीळ पडतो, वर्षा-दीड वर्षात खुंटी तुटते, मग स्क्रीनची फ्रेम फाकते आणि शेवटी आतली केबल दुखावते. दुकानात पडदा मधोमध धरून एका हाताने उघडा. फार ताठ असेल आणि कोपऱ्यातलं प्लास्टिक लवत असेल तर ते मॉडेल नको. कीबोर्डच्या मध्यभागी अंगठ्याने दाबा, खळगा पडला तर टायपिंगलाही मजा नाही आणि टिकावही नाही.

चार्जर यूएसबी-सी असेल तर पुढे बदली चार्जर सहज मिळतो आणि भारनियमनाच्या वेळी पीडी (पॉवर डिलिव्हरी) प्रकारच्या मोठ्या पॉवर बँकेवरही यंत्र चालतं. गावाकडे वीज जाते-येते तिथे कीबोर्डच्या खालचा दिवा ही चैन वाटत नाही.

क्रोमबुकचा, म्हणजे विंडोजऐवजी गूगलच्या क्रोमओएसवर चालणाऱ्या लॅपटॉपचा, विचार करत असाल तर एकच गोष्ट नक्की पाहा, त्या मॉडेलची अपडेट संपण्याची तारीख. ती सेटिंगमध्ये दिसते. २०२१ पासून बाजारात आलेल्या मॉडेलना त्यांच्या आतल्या मूळ हार्डवेअरच्या (प्लॅटफॉर्मच्या) पदार्पणापासून दहा वर्षं अपडेट मिळतात, तुम्ही विकत घेतल्या दिवसापासून नाही. नववी-दहावीपर्यंत क्रोमबुक चांगलं, पीएचपीच्या वाटेला जाणाऱ्या मुलाला विंडोज सोपं पडेल.

‘डॉस’वालं, म्हणजे विंडोज नसलेलं, स्वस्त यंत्र घेऊन दुकानदाराकडून ‘विंडोज टाकून’ घेऊ नका. चोरीचं विंडोज चालू करणारी साधनं आधी अँटिव्हायरस बंद करतात, आणि मग त्याच यंत्रावर तुम्ही शाळेची फी भरता. ऑफिसबरोबर आलेल्या लॅपटॉपमध्ये वेगळाच एक खड्डा आहे. कायमस्वरूपी ऑफिस खोक्यावर लिहिलेलं असतं, पण विंडोज सुरू केल्यापासून १८० दिवसांत ते आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्याने चालू करावं लागतं. जूनमध्ये घेतलं, दिवाळीनंतर पहिला प्रकल्प आला, तोवर मुदत भरत आलेली असते. आणि ज्या खात्याने चालू कराल त्यालाच ते चिकटतं, म्हणून दुकानदाराच्या ईमेलवरून अजिबात नको.

जुना लॅपटॉप घेताना

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा कुठल्याही शहरात कंपन्यांमधून निघालेले लेनोव्होचे थिंकपॅड, डेलचे लॅटिट्यूड, एचपीचे एलिटबुक निम्म्याहून कमी किमतीत मिळतात. यांची बांधणी नव्या स्वस्त लॅपटॉपपेक्षा कितीतरी भक्कम, कीबोर्ड तर त्याहून सरस. मुलासाठी हा पर्याय आम्हाला पटतो, पण डोळे उघडे ठेवून.

‘आय७, १६ जीबी, ५१२ एसएसडी, पंधरा हजार’ असं ऐकलं की विचारा, कितवी पिढी? आय५-७३००यू मधला ७ म्हणजे सातवी, आय५-८३५०यू मधला ८ म्हणजे आठवी, आय५-११३५जी७ म्हणजे अकरावी. मायक्रोसॉफ्टने विंडोज ११ साठी इंटेलची आठवी पिढी ही सीमा ठरवली आणि विंडोज १० ची नेहमीची अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवली. म्हणून सातव्या पिढीची यंत्रं एवढी स्वस्त झाली. विक्रेते आडवाटेने त्यांवर विंडोज ११ चढवून देतात, चालतंही, पण पुढच्या अपडेटची हमी नाही. तेव्हा पडद्यावर कुठलं विंडोज दिसतंय यावर जाऊ नका, प्रोसेसरचा क्रमांक पाहा. आठव्या पिढीतला थिंकपॅड टी४८०, लॅटिट्यूड ५४९० किंवा एलिटबुक ८४० जी५ हे शोधायला सोपे, आणि त्यांचे सुटे भागही मिळतात.

पैसे देण्याआधी विक्रेत्यासमोरच हे सगळं करा, अर्धा-पाऊण तास लागतो.

१. यंत्र पूर्ण रीसेट करायला लावा आणि आपल्या हॉटस्पॉटवर जोडून डेस्कटॉप येईपर्यंत थांबा. मध्येच एखाद्या कंपनीचं नाव किंवा तिचा ईमेल मागणारा पडदा आला तर ते यंत्र अजून त्या कंपनीच्या ताब्यात नोंदलेलं आहे. तिथेच ठेवून उठा. नेट न जोडता दाखवलेलं रीसेट म्हणजे न दाखवल्यासारखंच.

२. बंद करून पुन्हा सुरू करताना लेनोव्होवर एफ१, डेलवर एफ२, एचपीवर एफ१० दाबून बायोस, म्हणजे विंडोजच्या आधीची यंत्राची मूळ सेटिंग, उघडा. पासवर्ड मागितला आणि विक्रेत्याला तो काढता आला नाही, तर घेऊ नका.

३. बॅटरीचा अहवाल काढा. कमांड प्रॉम्प्टमध्ये powercfg /batteryreport असं लिहून एंटर दाबा. फाइल कुठे साठवली ते तिथेच येतं. तीत ‘डिझाइन कपॅसिटी’ ५०,००० आणि ‘फुल चार्ज कपॅसिटी’ ३१,००० असेल तर बॅटरी ६२ टक्क्यांवर आली आहे. ७० च्या खाली असली की नवी बॅटरी बसवून मागा किंवा तिची किंमत वजा करा.

४. क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत साधन चालवून एसएसडीची तब्येत बघा.

५. नोटपॅडमध्ये प्रत्येक कळ एकदा दाबा, प्रत्येक यूएसबी छिद्रात पेन ड्राइव्ह घाला, कॅमेरा-माइक चालवून स्वतःचा आवाज ऐका.

बिलावर सिरियल क्रमांक आणि वॉरंटीचे महिने लिहून घ्या. ‘आपलंच दुकान आहे, कधीही या’ याला बिलावर रकाना नसतो.

सिम लागणारा जुना टॅबलेट घेत असाल तर सेटिंगमधला १५ आकडी आयएमईआय क्रमांक घेऊन दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’वर तपासा. चोरीला गेलेलं, काळ्या यादीतलं यंत्र तिथे लगेच कळतं.

नव्या यंत्राचे पहिले सात दिवस

ऑनलाइन घेतलं असेल तर खोकं उघडताना सलग व्हिडिओ काढा, सिरियल क्रमांक दिसेल असा. बदलून मिळण्याची मुदत सहसा आठवडाभराचीच असते, आणि बऱ्याचदा त्यासाठी कंपनीच्या सेवा केंद्राचा दाखला लागतो. म्हणून यंत्र वाढदिवसाला उघडायचं म्हणून कपाटात ठेवू नका. पहिल्याच संध्याकाळी पूर्ण पांढरा, काळा, लाल, हिरवा, निळा पडदा उघडून मेलेले ठिपके शोधा. तासभर व्हिडिओ कॉल चालवा, पंखा सतत घोंघावतो का, तळ मांडीला चटका देण्याइतका तापतो का ते पाहा. घरातल्या ज्या कोपऱ्यात मूल बसणार तिथेच वायफाय तपासा, दुकानात ते सगळीकडे छानच चालतं. कंपनीच्या संकेतस्थळावर सिरियल क्रमांक टाकून वॉरंटी कधी सुरू झाली बघा. ती महिन्यांपूर्वीच सुरू झालेली दिसली तर बिल पाठवून दुरुस्त करून घ्या. विक्रेता दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

नेहमीच्या वॉरंटीत पाणी सांडणं आणि पडणं येत नाही. अपघाती नुकसानीचं संरक्षण वेगळं घ्यावं लागतं आणि ते बहुधा खरेदीनंतरच्या ठरावीक मुदतीतच मिळतं. सहावीतल्या मुलाच्या यंत्राला ते घ्या. बारावीतल्या सांभाळून वापरणाऱ्या मुलीला चांगली पिशवी पुरते. सेवा केंद्र तालुक्याला आहे, जिल्ह्याला आहे की थेट पुण्या-मुंबईला, हे मात्र ब्रँड ठरवण्याआधीच पाहून ठेवा.

मुलाच्या हाती देण्याआधी

विंडोजवर मुख्य खातं आपलं ठेवा, मुलाचं ‘स्टँडर्ड’ प्रकारचं. मुलाला काही नवं बसवायचं असेल तर तुमचा पासवर्ड लागतो आणि निम्मा कचरा दारातच अडतो. मायक्रोसॉफ्ट फॅमिली सेफ्टीचा संकेतस्थळांचा गाळणा फक्त एज ब्राउझरमध्ये चालतो, तो चालू केला की क्रोम उघडत नाही. हे माहीत नसल्याने ‘क्रोम बिघडलं’ म्हणून पालक सगळंच बंद करून टाकतात. अँड्रॉइडवर याच कामासाठी गूगलचं फॅमिली लिंक आहे. तेरा वर्षांखालच्या मुलाचं खातं त्यात बनवा आणि शाळेने दिलेलं खातं सेटिंगमधून दुसरं खातं म्हणून जोडा. घरच्या खात्याने शाळेच्या क्लासरूममध्ये शिरता येत नाही, त्यात यंत्राचा काही दोष नाही.

मराठी टायपिंग पहिल्याच दिवशी लावून द्या. विंडोजच्या सेटिंगमध्ये वेळ आणि भाषा या भागात मराठी भाषा जोडा, तिच्या पर्यायांत ‘मराठी फोनेटिक’ कीबोर्ड निवडा. इंग्रजी-मराठी बदलायला विंडोजची कळ आणि स्पेस बार. ‘ऱ्हास’, ‘कृष्ण’, ‘ज्ञान’ हे तीन शब्द लिहून बघायला सांगा, ते जमले की बाकीचं जमतं. टॅबलेटवर जीबोर्ड या गूगलच्या कीबोर्डमध्ये बोलून आणि बोटाने गिरवूनही मराठी लिहिता येतं. शिक्षकांनी पाठवलेली फाइल उघडल्यावर अक्षरांऐवजी चित्रविचित्र चिन्हं दिसली, तर ती जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये आहे. त्यांच्याकडून पीडीएफ मागा, फॉन्ट शोधत बसू नका.

फोनच्या हॉटस्पॉटवर चालवणार असाल तर त्या वायफायच्या गुणधर्मांत ‘मीटर्ड कनेक्शन’ चालू करा. नाहीतर विंडोजचं अपडेट रोजचा दीड-दोन जीबी डेटा सकाळीच संपवतं आणि दुपारच्या तासाला नेट उरत नाही. वनड्राइव्ह या मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठवणीकडेही लक्ष हवं. नव्या विंडोजवर डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स परस्पर तिकडे जाऊ लागतात, मोफत जागा मात्र ५ जीबीच. ती भरली की फाइल कधी यंत्रावर, कधी ढगात, आणि प्रकल्पाच्या आदल्या रात्री शोधाशोध. एक तर ते बंद करा, किंवा प्रकल्पांचं एकच फोल्डर १५ जीबी मोफत जागा असलेल्या गूगल ड्राइव्हवर ठेवा आणि महिन्याकाठी पेन ड्राइव्हवर उतरवा.

कायम टेबलावर प्लगला लावून वापरायचा लॅपटॉप असेल तर कंपनीच्या ॲपमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय असते, ती चालू करा. गादीवर, उशीवर ठेवून वापरू देऊ नका, खालच्या जाळ्या बंद होऊन पंखा कापसाने भरतो. पाण्याची बाटली टेबलावर नको, खुर्चीशेजारी जमिनीवर. सांडलंच तर आधी चार्जर ओढा, पॉवरची कळ दहा सेकंद दाबून यंत्र बंद करा, ते तंबूसारखं उलटं उभं ठेवा आणि ‘चालतंय का बघू’ म्हणून सुरू न करता सेवा केंद्र गाठा. हेअर ड्रायर नको आणि तांदळाच्या डब्यात तर नकोच.